शेऱ्याचा रकाना

माझं झेरॉक्सचं दुकान आहे. माणसं आपली गुपितं किती बेफिकिरीनं दुसऱ्याच्या हातात देतात, हे मला कोणा तज्ज्ञानं येऊन सांगायची गरज नाही. जन्माचे दाखले, घराची खरेदीखतं, रक्ताचे रिपोर्ट, घटस्फोटाचे अर्ज, सगळं काउंटरवर टाकतात, दोन-दोन प्रती काढून ठेवा म्हणतात आणि चहा प्यायला निघून जातात. निम्मे लोक मूळ कागद काचेवरच विसरतात. मी फोन करून कळवलं की उलट मलाच दरडावतात, तुम्ही वाचला तर नाहीत ना? वाचला नसता तर फोन नंबर कुठून मिळाला असता, हे त्यांच्या डोक्यात येत नाही.

दुसऱ्याची गोष्ट पोटात ठेवणारा माणूस आमच्या रस्त्यावर एकच होता, आणि सगळ्यांची अब्रू चव्हाट्यावर आली ती नेमकी त्याच्याच हातून. मला अजून राग येतो. त्या माणसाचा नाही, बाकीच्या सगळ्यांचा. त्या बाकीच्यांत मीही आहे, म्हणून राग जरा जपून करावा लागतो.

तो माणूस म्हणजे मास्तर. शाळेतले नव्हेत, शिवणाचे. माझ्या दुकानासमोर त्यांचं कपडे शिवायचं दुकान. एकोणसत्तर वय, मशीनवर वाकून वाकून पाठीला आलेला कायमचा बाक, गळ्यात टेप आणि तोंडात टाचण्या. टाचण्यांमुळे मास्तर कमी बोलतात असा लोकांचा समज होता. मी त्यांना समोरून बावीस वर्षं पाहतो आहे. कमी बोलता यावं म्हणूनच ते टाचण्या तोंडात धरायचे.

दुसरीकडे कपडे शिवायला गेलात तर तिथला माणूस तुमच्या कमरेला टेप गुंडाळतो आणि 'बेचाळीस!' असं ओरडतो. दुकानातली सहा माणसं वळून बघतात, कारागीर कोपऱ्यातून 'बेचाळीस?' असं पुन्हा विचारतो आणि ते बेचाळीस दोनदा तुमच्या पदरात पडतात. मास्तरांनी एकेचाळीस वर्षांत एकही आकडा तोंडातून काढला नाही. टेप लावायचा, आकड्यावर अंगठा दाबायचा आणि तो तसाच घट्ट धरून चार पावलं वहीपर्यंत चालत जायचं. लिहिलं की वही मिटायची. बायकांची मापं त्यांची बायको घ्यायची. ती गेल्यावर त्यांनी नवी पद्धत काढली. बाईनं टेप आपला आपणच लावायचा, आकड्यावर बोट धरून मास्तरांच्या हातात द्यायचा, आणि तोवर मास्तर भिंतीकडे तोंड करून उभे. त्या भिंतीवर बघण्यासारखं काहीही नव्हतं, पण तिचा रंग कुठे कुठे उडालाय हे मास्तरांना तोंडपाठ होतं.

त्यांच्या स्वभावात खोटेपणा होता तो एवढाच, की विजारीच्या आत आकड्याची जी चिंधी लावतात ती ते गिऱ्हाईक बघून लावायचे. चाळीस कमरेच्या माणसाला छत्तीसची चिंधी. माणूस घरी जाऊन चिंधी वाचायचा आणि दोन घास जास्त जेवायचा. कोणाचं नुकसान नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. आमच्या रस्त्यावरच्या सगळ्या मुठी मास्तरांनी झाकल्या होत्या.

मग मास्तरांच्या जावयाला वाटलं, की सासऱ्याचं भलं करावं.

जावई कुठल्याशा कंपनीत लोकांना सादरीकरणं करून दाखवतो. म्हणजे नक्की काय करतो ते मास्तरांच्या मुलीलाही नीट सांगता येत नाही. उंटावरचा शहाणा, पण मनानं वाईट नाही. तो सुट्टीला आला आणि त्याला वह्यांच्या कपाटात कसर लागलेली दिसली. बारा-तेरा वह्यांच्या कडा कुरतडल्या होत्या. बाबा, उद्या या वह्या गेल्या तर एकेचाळीस वर्षं गेली, असं तो म्हणाला, आणि ते खोटं नव्हतं. मास्तरांची नजरही अधू झाली होती; तीन आहे की आठ, हे बघायला वही घेऊन उन्हात जावं लागायचं. जावयानं फोन काढला आणि शिवणकाम करणाऱ्यांसाठी नवीन निघालेलं 'मापमित्र' नावाचं ॲप त्यावर उतरवून दिलं.

मी तेव्हा तिथेच बसलो होतो. ॲपनं आधी मास्तरांची फोनमधली सगळी नावं बघायची परवानगी मागितली. मग फोटो, मग ते कुठे आहेत ते, मग आवाज ऐकायची.

मास्तरांनी टाचण्या काढल्या आणि विचारलं, "जावईबापू, मापं लिहायला याला माझा आवाज कशाला हवा?"

जावई म्हणाला, सगळेच मागतात. मास्तरांना हे उत्तर पटलं नाही, पण जावयाला दुसऱ्यांदा विचारणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. पडद्यावर एक कुलपाचं चित्र होतं. याची किल्ली कोणाकडे असते, असंही त्यांनी विचारलं, आणि जावई व मी दोघंही मनापासून हसलो. मग अटी आल्या. त्या खाली सरकवता सरकवता जावयाचा अंगठा दुखायला लागला, म्हणून त्यानं न वाचताच 'सहमत' दाबलं. एकेचाळीस वर्षांत मास्तरांच्या वतीनं दुसऱ्या कोणी शब्द देण्याची ही पहिलीच वेळ.

पुढचे पाच आठवडे मास्तर रोज दुपारी जेवण झालं की वही उघडून बसायचे आणि एका बोटानं मापं भरायचे. गिऱ्हाइकाचं नाव, फोन नंबर, छाती, कंबर, बाही. सगळ्यात खाली एक रकाना होता, 'शेरा', आणि त्याच्यापुढे लाल चांदणी. तो कोरा ठेवला तर ॲप पुढे जायचं नाही. जावयाला फोन केला तर तो म्हणाला, काहीही लिहा हो बाबा, एक टिंब दिलं तरी चालेल.

आता इथे खरी चूक झाली, आणि ती दुसऱ्या कोणाच्या हातून झालीच नसती. तुम्ही-आम्ही टिंब दिलं असतं. मास्तरांना मापाच्या कागदावर 'काहीही' लिहिणं जमेना. मापाच्या कागदावर लिहिलेलं खरं असलं पाहिजे, हा त्यांचा धर्म. आजवर जे त्यांनी वहीतही लिहिलं नव्हतं, नुसतं डोक्यात ठेवलं होतं, ते त्यांनी त्या रकान्यात नीट, शुद्ध भाषेत लिहून काढलं. साडेआठशे माणसांचं. कुलपाचं चित्र होतंच.

फुटलं ते सात महिन्यांनी, एका मंगळवारी सकाळी. मापमित्र कंपनीची सगळी माहिती कोणीतरी चोरून उघड्यावर टाकली होती. शेकडो गावं, हजारो शिवणवाले. त्यातली आमच्या गावाची पानं कोणा रिकामटेकड्यानं वेगळी काढली आणि नऊ वाजेपर्यंत ती प्रत्येकाच्या फोनवर पोचली. मला माझ्या मेहुणीनं पाठवली. सोबत हसून डोळ्यांतून पाणी येणारे सहा चेहरे होते. मी आधी माझं नाव शोधलं. प्रत्येकानं तेच केलं.

माझ्या नावापुढे लिहिलं होतं, 'पोट आत ओढून माप देतात. बोलण्यात गुंतवावे. हसले की खरे माप घ्यावे.'

मला आठवलं, मास्तर दरवर्षी विजारीच्या वेळी मला माझ्या शाळेतल्या गमती विचारायचे. मला वाटायचं, माझ्या गमती त्यांना आवडतात.

स्वतःचं वाचून झाल्यावर दुसऱ्यांचं. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, ही म्हण ज्यानं काढली तो आमच्याच रस्त्यावर राहत असावा. बँकेच्या मॅनेजरपुढे लिहिलं होतं, 'कंबर त्रेचाळीस. चिंधी छत्तीसची. पत्नी सोबत असल्यास माप नंतर घ्यावे.' व्यायामशाळेच्या सरांपुढे, 'दंडात दुहेरी अस्तर, खांद्यात कापूस.' वकीलसाहेबांपुढे, 'आत गुप्त खिसा. त्याच्या आत आणखी एक.' दातांच्या डॉक्टरांपुढे, 'टाचणीला फार घाबरतात. डोळे मिटायला सांगावे.' त्या डॉक्टरांनी माझी अक्कलदाढ काढताना मला भित्रा म्हटलं होतं, म्हणून हा शेरा मी चारदा वाचला.

फोनवरची अक्षरं बारीक. दहाच्या सुमाराला माणसं माझ्याकडे यायला लागली, मोठ्या अक्षरात छापून द्या म्हणून. नऊ पानं, दोन्ही बाजूंनी, कोपऱ्यात पिन मारून. माझ्या दुकानाबाहेर निकालाच्या दिवशी लागते तशी रांग लागली. मी बारा वाजेपर्यंत मान वर केली नाही. आपली इज्जत गेली म्हणून कोणी रडत नव्हतं. सगळे शेजाऱ्याची गेली म्हणून खूश होते, आणि शेजारीही त्याच रांगेत खूश उभा होता.

विसाव्या की एकविसाव्या प्रतीला सहावं पान यंत्रात अडकलं. ते हातानं ओढून काढताना माझी नजर मधल्या एका ओळीवर पडली.

ती ओळ मोठ्या बाईंची होती. मोठ्या बाई म्हणजे आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. माझी दोन्ही मुलं त्यांच्या हाताखालून गेली. कडक बाई, कायम कोट घालणाऱ्या, पाठ ताठ. नवरा लवकर गेला, मुलगी एकटीनं वाढवली, ती आता दूरच्या शहरात नोकरीला आहे. त्यांच्या नावापुढे मास्तरांनी लिहिलं होतं, 'डावी बाजू शस्त्रक्रियेने काढली आहे. आतून कापसाचे सहा थर, उजवीशी जुळवून. कोणालाही कळता कामा नये.'

मला आठ वर्षांपूर्वीची एक दुपार आठवली. शाळेला सुट्टी होती, मोठ्या बाई मास्तरांच्या दुकानात आल्या आणि मास्तरांनी दाराचा पडदा ओढून घेतला. बाई तासाभरानं बाहेर आल्या. नंतर मी मास्तरांना खोदून खोदून विचारलं, एका कोटाला तास लागतो का? अस्तराचा कोट आहे, एवढंच ते म्हणाले.

तर त्या दिवशी मी यंत्रापुढे ते पान हातात धरून उभा राहिलो. खरं सांगायचं तर त्यानंतरही मी आणखी दोन प्रती काढल्या, कारण पुढची दोघं ताटकळली होती. मग यंत्र बिघडलंय असं सांगून शटर ओढलं. ते आधीच ओढायला हवं होतं. ही लाज माझी आहे, कंपनीची नाही.

मास्तरांना हे सगळं मीच जाऊन सांगितलं. ते बटणाला काज करत होते. त्यांनी पूर्ण काज केलं, दोरा तोडला, मग विचारलं, "बाईंचंही?" मी हो म्हटलं. ते उठले आणि त्यांनी उगीचच मशीनवर कव्हर घातलं, भर दुपारी.

कंपनीचा निरोप संध्याकाळी आला. बैल गेला आणि झोपा केला, पण झोपा मोठा सुंदर शब्दांत केला होता. 'आपली गोपनीयता आमच्यासाठी अत्यंत महत्त्वाची आहे. खबरदारीचा उपाय म्हणून आपण व आपल्या ग्राहकांनी आपली माहिती त्वरित बदलून घ्यावी.' मास्तरांनी खाली दिलेल्या नंबरवर फोन लावला. पलीकडच्या मुलीनं आधी खात्री करून घेण्यासाठी त्यांची जन्मतारीख, पत्ता आणि आईचं नाव विचारलं. मास्तरांनी सगळं सांगितलं. मी शेजारी कपाळाला हात लावून बसलो होतो.

"मुली," मास्तर म्हणाले, "माहिती बदला म्हणजे काय बदलायचं? माणसांची छाती-कंबर?"

ती म्हणाली, पासवर्ड बदलला तरी चालेल. मग तिनं आठवण करून दिली, की सरांनी अटी मान्य केल्या होत्या आणि त्यातल्या चव्वेचाळिसाव्या पानावर अशा घटनेला कंपनी जबाबदार नाही असं स्पष्ट लिहिलंय. खातं बंद करा म्हटलं तर नव्वद दिवस लागतील, शिवाय अर्जात बंद करण्याचं कारण लिहावं लागेल. तो रकाना कोरा चालत नाही. शेवटी तिनं, माझ्याशी बोलून आपल्याला किती समाधान वाटलं, एक ते पाचमध्ये सांगा, असं विचारलं. मास्तरांनी पाच सांगितलं. त्या पोरीचा काय दोष, म्हणाले.

त्या पोरीचा दोष नव्हता, कंपनी कुठे राहते ते कोणाला ठाऊक नव्हतं, आणि मास्तर कोपऱ्यावर राहत होते. मग काय, चोर सोडून संन्याशाला फाशी. दोन दिवसांत पीडितांची समिती झाली. अध्यक्ष वकीलसाहेब. समितीनं मास्तरांच्या दुकानापुढे सभा घेतली आणि दोन मागण्या केल्या. मास्तरांनी लेखी माफी मागावी, आणि मापांच्या सगळ्या जुन्या वह्या समितीच्या ताब्यात द्याव्यात. ज्या वह्यांमधून एकेचाळीस वर्षांत एक आकडा बाहेर गेला नव्हता, त्या वह्या! मास्तरांनी माफी लगेच लिहून दिली. वह्या न्यायच्या कोणी, यावर मात्र समितीत भांडण झालं, कारण नेणारा वाचल्याशिवाय राहणार नाही याची प्रत्येकाला स्वतःवरून खात्री होती. वह्या कपाटातच राहिल्या.

समितीनं पीडितांची यादी करायला फोनवर एक अर्ज काढला, तोही फुकट मिळणाऱ्या कुठल्याशा ॲपमधून. नाव, पत्ता, फोन, जन्मतारीख, आणि आपण खरंच पीडित आहोत याचा पुरावा म्हणून छाती व कमरेचं माप. चारशे बारा लोकांनी भरला. मीही भरला, आणि सवयीनं कंबर दोन इंच कमी लिहिली.

मोठ्या बाईंना कोणी काही बोललं नाही. बोललं असतं तर बरं झालं असतं. त्याऐवजी सगळे त्यांच्याशी एकाएकी फार चांगले वागायला लागले. टपालाच्या रांगेत त्यांना पुढे उभं केलं. बँकेच्या मॅनेजरनं आपली खुर्ची दिली. भाजीवालीनं पिशवी त्यांच्या हातातून काढून घेऊन घरापर्यंत पोचवली. तब्येतीला जपा हं, असं त्यांना एका दिवसात सात जणांनी सांगितलं, आणि सांगताना प्रत्येकाची नजर कोटाच्या डाव्या बाजूवर जाऊन परत आली. माणसाची चेष्टा झाली तर त्याला भांडता तरी येतं. या चांगुलपणाशी कसं भांडायचं?

दहाव्या दिवशी त्या मास्तरांच्या दुकानात आल्या. मास्तर उभे राहिले. मी माझ्या काउंटरवरून बघत होतो. बघितलं नाही असं सांगणार नाही. बाईंनी पर्स मांडीवर ठेवली आणि वर्गात विचारावं तशा आवाजात विचारलं, "मास्तर, ते तुम्ही लिहिलं होतंत?"

"हो."

"कोणालाही कळता कामा नये, हेसुद्धा?"

"हो. माझ्या हातून चुकू नये म्हणून लिहिलं."

बाईंनी पर्सचा बंद सरळ केला. मग म्हणाल्या, लोकांचं मला काही नाही, लोक महिन्याभरात दुसरं काहीतरी शोधतील. लपवलं होतं ते फक्त माझ्या मुलीपासून. तिला तेव्हा नुकतीच नोकरी लागली होती; कळलं असतं तर सगळं सोडून परत आली असती. बरी झाल्यावर सांगू, असं म्हणता म्हणता आठ वर्षं गेली. आता तिच्या शाळेतल्या मैत्रिणीनं तिला ते पान पाठवलं.

"तिचा फोन आला," बाई म्हणाल्या. "एवढंच म्हणाली, तुझ्या मास्तरांना माहीत होतं, आई, मला नव्हतं. आणि ठेवला. नऊ दिवस झाले, माझा फोन उचलत नाही."

मास्तरांनी हात जोडले. बाईंनी त्यांना माफ केलं नाही, रागावल्याही नाहीत. उठल्या, कोट सरळ केला आणि निघून गेल्या. त्यानंतर मास्तर तीन दिवस दुकान उघडून नुसते बसून होते. कात्री हातात घेतली नाही. मी चहा पाठवला तो तसाच परत आला. जावयाचा फोन आला, ॲपची सुधारलेली आवृत्ती आली आहे, आता दोन कुलपं आहेत. मास्तरांनी फोन माझ्याकडे दिला, आणि मी जावयाला जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

चौथ्या दिवशी मी विजार घेऊन गेलो. कंबर ढिली करायची होती. आता गावजाहीर झाल्यावर आत ओढून काय उपयोग? खरं कारण, त्यांच्या हाताला काहीतरी काम मिळावं. त्यांनी मला स्टुलावर उभं केलं, टाचण्या तोंडात धरल्या आणि शिवण उसवायला घेतली. तेवढ्यात दारात एक बाई आली, पस्तिशीची, हातात प्रवासाची मोठी पिशवी, केस वाऱ्यानं विस्कटलेले. बसमधून उतरून सरळ इथे आली होती. मी ओळखलं नाही. मास्तरांनी ओळखलं, तिचा शाळेचा पहिला गणवेश त्यांनीच शिवला होता.

"ये पोरी," ते म्हणाले. "घरी जाऊन आलीस?"

ती नाही म्हणाली. आत आली, पिशवी खाली ठेवली, माझ्याकडे एकदा बघितलं. मी टाचण्या लावलेल्या विजारीत स्टुलावर उभा. माणसाला जमिनीत गडप व्हावंसं वाटतं, पण स्टुलावरून तेही जमत नाही.

तिनं विचारलं, आई त्या दिवशी तुमच्याकडे किती वेळ होती? तासभर, मास्तर म्हणाले. रडली का? मास्तर उसवलेला दोरा ओढत राहिले. तिच्यासोबत दवाखान्यात कोण होतं? माझं नाव घेतलं का तिनं? मला का सांगितलं नाही, ते तुम्हाला सांगितलं का? एकामागून एक ती विचारत होती, आणि हे सगळे प्रश्न तिनं बसमध्ये रात्रभर मनात घोळवले असणार हे ऐकताना कळत होतं.

"मास्तरकाका, तुम्हाला आठवत नाही का?"

"सगळं आठवतं," मास्तर म्हणाले.

"मग सांगा ना. आता लपवायचं राहिलंय काय? अख्ख्या गावानं वाचलंय."

मास्तरांनी तोंडातल्या टाचण्या एकेक करून टाचण्यांच्या छोट्या गादीत खोचल्या. वेळ लावला.

"गावानं माप वाचलं," ते म्हणाले. "त्या दिवशी तुझी आई जे बोलली, ते मी कुठे लिहिलं नाही. ते माझ्याकडे आहे पोरी, पण ते माझं नाही. एकदा दुसऱ्याचं माझं समजून तिसऱ्याच्या हाती दिलं, त्याचं काय झालं ते तू बघतेसच. ज्यांचं आहे त्या चार घरं पलीकडे बसल्यात. त्यांना विचार."

ती चिडली. म्हणाली, ज्यांना सांगायला नको होतं त्यांना सगळ्यांना सांगितलंत, आणि जिला सांगायला हवं तिच्यापुढे तोंड मिटून बसलात. यात खोटं काही नव्हतं. मास्तरांनी मान खाली घातली, पण तोंड उघडलं नाही. स्टुलावरून मला ओरडावंसं वाटत होतं, सांगून टाका की, बिचारी रात्रभर प्रवास करून आलीय, दोन वाक्यांत तिचं समाधान होईल. आता वाटतं, झालं असतंही. मग ती त्या दोन वाक्यांवर समाधान मानून पुढच्या बसनं परत गेली असती.

मग ती रडली. फार नाही. रुमाल शोधत होती, तर मास्तरांनी कोरं अस्तराचं कापड फाडून दिलं. तिनं डोळे पुसले आणि विचारलं, "मी गेले आणि तिनं दारच उघडलं नाही तर?"

मास्तरांनी चष्मा काढून मशीनवर ठेवला. तिची पिशवी उचलली आणि चालायला लागले. मला तसंच स्टुलावर सोडून, चष्मा मशीनवर विसरून, एकोणसत्तर वर्षांचा तो वाकलेला माणूस ती जड पिशवी दोन्ही हातांनी धरून रस्त्यानं निघाला आणि ती त्याच्या मागून. मी टाचण्या टोचून घेत पायरीपर्यंत आलो. व्यायामशाळेचे सर, भाजीवाली, मॅनेजरची बायको, सगळे आपापल्या दारात येऊन उभे होते. मास्तरांनी बाईंच्या फाटकाची कडी काढली. पिशवी पायरीवर ठेवली, घंटी वाजवली, आणि दार उघडायच्या आत पाठ फिरवून परत निघाले. मागे काय होतंय ते बघायला सगळा रस्ता माना लांब करून उभा होता; एकटे तेच त्या दाराकडे पाठ करून चालत होते.

ते आले, चष्मा लावला आणि मला स्टुलावर चढायला सांगितलं. मी म्हटलं, मास्तर, दार उघडलं. त्यांनी टाचण्या तोंडात धरल्या.

दार उघडलं तेव्हा दोघी कशा दिसत होत्या ते मी पाहिलं आहे. ते इथे लिहिणार नाही. एवढंच सांगतो, की मुलगी आत गेली, दार मिटलं, आणि संध्याकाळी मी दुकान बंद केलं तेव्हाही तिची पिशवी बाहेर पायरीवरच होती. आत घ्यायचं दोघींनाही सुचलं नव्हतं.